धुळीची वर्षंही मोजा : कोल्हापूरच्या फौंड्रीमालकांना खुले पत्र

प्रति,
शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले आणि शिवाजी उद्यमनगर येथील सर्व फौंड्रीमालक व त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

माझा दवाखाना शिरोली एमआयडीसीला लागून असलेल्या एका गावात आहे. पाळी सुटली की तुमची माणसं माझ्याकडच्या बाकावर येऊन बसतात. ताप, कंबरदुखी, डोळ्यात उडालेला कण, भाजलेलं पाऊल, आणि त्यातच कुठेतरी तो कोरडा खोकला. हे पत्र त्या खोकल्याबद्दल आहे. माझं मागणं सुरुवातीलाच सांगते. कामगारानं तंबाखू किती वर्षं खाल्ली हे त्याला सगळेच विचारतात. त्यानं तुमच्या ओतकामाच्या शेडमधली धूळ किती वर्षं छातीत ओढली याची नोंद तुम्ही ठेवा, आणि ती त्याच्या हातात द्या.

मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ आले होते. नाव, गाव, कारखाना काहीच सांगत नाही, कारण त्यांच्यासारखे बरेच आहेत. वय पंचेचाळिशीच्या आतलं. पोरवयात तालमीत घाम गाळलेलं शरीर, खांदे अजून रुंद. पण श्वास घेताना गळ्याचे स्नायू ताठ व्हायचे आणि एक वाक्य संपलं की थांबावं लागायचं.

"मावा सोडला की बाई, दोन वर्सं झाली. देवाची शपथ. तरीबी जिना चढला की दम लागतोय."

बायकोनं पिशवीतून फाइल काढली. टीबीचा कोर्स दोनदा झाला होता. दोन्ही वेळा थुंकीत जंतू सापडले नव्हते, फोटोत ‘डाग’ दिसले म्हणून औषध सुरू केलेलं. जवळजवळ प्रत्येक केसपेपरच्या कोपऱ्यात वेगवेगळ्या अक्षरांत एकच शेरा होता : तंबाखू. मी विचारलं, काम काय करता? "कंपनीत हाय." कंपनीत काय? "फेटलिंगला." किती वर्षं? त्यांनी बायकोकडे बघितलं. तिनं थोरल्या पोराच्या जन्मावरून हिशेब लावला आणि म्हणाली, "अठरा झाली असतील." फेटलिंग म्हणजे ओतून निघालेलं कास्टिंग घासून साफ करणं. एवढ्या जाड फाइलमध्ये हा शब्द एकदाही आलेला नव्हता.

एक्स-रे मी खिडकीच्या उजेडात धरला. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक, गोल ठिपक्यांची दाटी होती, दोन्हीकडे सारखी. मुळाशी असलेल्या लसिका गाठींच्या भोवती चुन्याची पातळ कड आलेली. मावा खाणाऱ्याचा फोटो असा येत नाही.

सुपारी-तंबाखूचा मावा तोंडात राहतो. गालाच्या आतली कातडी तो पांढरी आणि ताठ करतो, मग घास घेण्याइतकंही तोंड उघडेनासं होतं आणि कित्येकांना तिथंच कॅन्सर होतो. रक्तदाब आणि हृदय यांच्यावर पडणारा भार वेगळाच. सुपारी आणि चघळायची तंबाखू या दोन्ही गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं पहिल्या गटात घातल्या आहेत, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे नक्की ठरलेल्यांच्या यादीत. तेव्हा मावा चालतो असं मी कुणालाही, कधीही सांगणार नाही. पण चघळलेला मावा श्वासनळीतून खाली उतरून फुप्फुसात घट्ट गाठी करत नाही. दम लागण्यासाठी छातीत काहीतरी जावं लागतं, धूर किंवा धूळ. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले, आणि बिडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के. म्हणजे आपल्याकडची तंबाखू मुख्यतः चघळली जाते. तरीही छातीच्या प्रत्येक आजारावर तंबाखूचा शिक्का बसतो, आणि तो शिक्का बसला की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. डॉक्टर विचारत नाहीत, घरचे विचारत नाहीत, तुम्हीही विचारत नाही. कामगार स्वतःच मान खाली घालून म्हणतो, चूक माझीच.

वाळू तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, म्हणून तिच्याबद्दल फक्त छातीच्या बाजूनं सांगते. मोल्डिंगच्या, म्हणजे साचे बनवायच्या, वाळूचा अख्खा दाणा फुप्फुसाला त्रास देत नाही, तो नाकातच अडकतो. हिरव्या (ओल्या) वाळूत पाणी आणि बेंटोनाइटची चिकट माती असते तोवर ती फारशी उडतही नाही. पण चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड आत पडलं की साच्यालगतची वाळू कोरडी ठक्क होते. मग नॉकआउटच्या, म्हणजे साचा फोडून कास्टिंग बाहेर काढण्याच्या, हादऱ्यांनी आणि ग्राइंडरच्या चाकाखाली तोच दाणा फुटतो. दहा मायक्रॉनच्या खालची भुकटी छातीत उतरते आणि चार मायक्रॉनच्या आसपासची शेवटच्या वायुकोशापर्यंत पोचते. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. शेडच्या पत्र्यातून आलेल्या तिरिपेत जी धूळ तरंगताना दिसते ती पुष्कळशी नाकातोंडात थांबते. दिसत नाही ती धोक्याची, आणि जमिनीवर बसायला तिला कितीतरी वेळ लागतो. नॉकआउट थांबवून सगळे चहाला जातात तेव्हा ती तिथंच हवेत असते.

वायुकोशातली भक्षक पेशी हा कण जंतू समजून गिळते. वाळूतलं क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकी सिलिका, तिला पचत नाही. ती मरते, कण पुन्हा मोकळा होतो, त्याला दुसरी पेशी गिळते. प्रत्येक वेळी थोडी सूज येते आणि थोडा व्रण राहतो. व्रण जमत जमत त्याच्या गाठी होतात आणि जिथं हवा भरायची तिथं घट्ट मांस तयार होतं. नुकत्याच फुटलेल्या कणाचा पृष्ठभाग जास्त घातक असतो, आणि फेटलिंगवाल्याच्या नाकासमोर तर ताजाच फुटलेला कण उडत असतो. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. नेहमीच्या प्रकारात तो दहा वर्षांनी किंवा त्याहून उशिरा दिसू लागतो. धूळ फार असेल तर पाच ते दहा वर्षांतही दिसतो. त्यावर औषध नाही. काम सोडलं तरी आत गेलेला कण आपलं काम करतच राहतो, म्हणून कारखाना सोडून गावी शेती करणारा माणूसही वर्षागणिक जास्त धापा टाकतो. धुळीनं जखमी झालेल्या फुप्फुसात टीबीला कितीतरी पट सोपी वाट मिळते, आणि फोटोत दोन्ही आजार इतके सारखे दिसतात की खरी टीबी आणि नुसती धूळ यांचा घोळ नेहमी होतो. शिवाय १९९७ पासून स्फटिकी सिलिका त्याच पहिल्या गटात आहे, तंबाखूच्या शेजारी. लोखंडाच्या ओतकामाचा व्यवसायही त्या गटात आहे. एक व्यसन आणि एक नोकरी एकाच यादीत आहेत, आणि आपण बोलतो फक्त व्यसनाबद्दल.

एकदा आरोग्य शिबिराच्या निमित्तानं एका कारखान्यात गेले होते तेव्हा फेटलिंगची पाळी सुटताना पाहिली. हॉर्न वाजला. एका तरुणानं तोंडावरचा रुमाल गळ्यात उतरवला, कॉम्प्रेसरचा पाइप उचलला, डोळे मिटले आणि केसांपासून हवा मारून घ्यायला सुरुवात केली. कॉलरमधून आत, बाह्यांवरून, पोटावरून, पँटच्या पायांपर्यंत. क्षणभर तो धुळीत दिसेनासा झाला. मग पाइप पुढच्याला दिला आणि पुढचा उभा राहिला. स्वच्छ होऊन घरी जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. बाहेर येऊन त्या तरुणानं काळ्याच तळहातावर मावा मळला. हात धुवायचा नळ शेडच्या दुसऱ्या टोकाला होता.

या एका पाइपबद्दल मला तुमच्याशी आधी बोलायचं आहे, कारण तो बंद करायला ना परदेशी यंत्र लागतं ना कर्ज. कपड्यांवर हवा मारायला बंदी, त्या जागी धूळ ओढून घेणारा व्हॅक्यूम, पाळी संपल्यावर आंघोळीची सोय, आणि कामाचे कपडे कारखान्यातच धुणं. आज ते कपडे घरी जातात. बायको दारात झटकते आणि मग धुते, अंगणात पोरं असतात.

रुमालाबद्दलही बोलायला हवं. रुमाल, टॉवेल, उपरणं, दवाखान्यात आम्ही लावतो तो निळा मास्क, यांतल्या कशालाही हा कण जुमानत नाही. निदान एन-९५ दर्जाचा मास्क हवा, तो चेहऱ्याला नीट बसायला हवा आणि मळला की बदलायला हवा. मात्र भट्टीजवळच्या उकाड्यात आठ तास मास्क लावून कुणी राबू शकत नाही, हे तुम्हीही जाणता. म्हणून मास्क हा शेवटचा उपाय. आधी धूळ उठते तिथंच ती ओढली पाहिजे. नॉकआउटवर धूळ ओढणारं हूड, फेटलिंगला खालून हवा ओढणारी टेबलं, बॅग फिल्टरच्या फाटलेल्या पिशव्या वेळेवर बदलणं, कोरड्या झाडूऐवजी ओलं झाडणं. वीज वाचते म्हणून रात्रपाळीत धूळ ओढणारा पंखा बंद ठेवतात, असं मला एकाहून जास्त जणांनी सांगितलं आहे. तुमच्याकडे तसं होत नसेल तर उत्तमच. पण रात्री दोन वाजता स्वतः जाऊन एकदा बघा, एवढी विनंती आहे.

प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी येतात तेव्हा धुराडं तपासतात. धुराड्यातून बाहेर काय जातं ते कळलं, पण ग्राइंडरवर वाकलेल्या माणसाच्या नाकासमोर काय आहे ते त्यातून कळत नाही. त्यासाठी कमरेला एक छोटा पंप आणि कॉलरला फिल्टर लावून त्या माणसाला पाळीभर काम करू द्यावं लागतं, आणि मग त्या फिल्टरवरची सिलिका मोजावी लागते. अमेरिकेनं २०१६ मध्ये हवेतल्या अशा सिलिकेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीनं घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. वाळूचा मारा करून कास्टिंग साफ करणं इंग्लंडनं १९४९ च्या नियमांनीच बंद केलं होतं. म्हणजे ही अडचण नवी नाही आणि तिची उत्तरंही नवी नाहीत. ऑलिव्हिनसारखी वाळू वापरता येते, तिच्यात मोकळं क्वार्ट्झ नसल्यात जमा असतं. ती महाग आहे हे मला माहीत आहे. सगळीकडे वापरा असं मी म्हणत नाही.

कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे (कोअर) बनवतात त्या कोअर शॉपबद्दल थोडक्यात. शेल कोअर भाजताना जो उग्र वास येतो त्यात फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड असतं. डोळे चुरचुरतात, दमा असलेल्याचा दमा उसळतो. ओतताना वाळूतली कोल डस्ट (कोळशाची भुकटी) जळून कार्बन मोनॉक्साइड निघतो, पाळी संपताना डोकं ठणकतं ते पुष्कळदा त्यामुळे, आणि डोकं ठणकलं म्हणून बाहेर जाऊन जो बिडी ओढतो तो तोच वायू आणखी आत घेतो. कानांचा विषय वेगळ्या पत्राचा आहे.

आता तंबाखू. तिच्या बाजूनं मी एक शब्दही बोलणार नाही. निपाणीचा पट्टा इथून जवळ आहे, आपल्या घरांत आजीच्या मिशरीपासून नातवाच्या माव्यापर्यंत ती मुरलेली आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि मावा आजही कागदाच्या पुडीत, प्लॅस्टिकवर घासून, वसाहतीच्या प्रत्येक चौकात मिळतो. बिडी ओढणाऱ्याच्या छातीत धूळही जात असेल तर कॅन्सर, दमा आणि टीबी तिन्ही जास्त जोरानं येतात. म्हणून बिडी सोडणं हे फेटलिंगवाल्यासाठी इतरांहूनही जास्त गरजेचं आहे, आणि हे मी प्रत्येकाला बसवून सांगते.

पण ते का खातात हेही मी ऐकते. "तोंडात गोळी असली की घसा कोरडा पडत न्हाई, धूळ खाली जात न्हाई." हे मला इतक्या जणांनी इतक्या विश्वासानं सांगितलं आहे की ते आता एकमेकांना शिकवत असणार. धूळ अडवण्यासाठी माणूस मावा खातो आणि नंतर धुळीचा दोषही माव्यावर जातो. दुसरं कारण रात्रपाळी. रात्री वीज स्वस्त म्हणून वर्षानुवर्षं आपल्याकडे भट्ट्या रात्री चालत आल्या. पहाटे तीन-चार वाजता वितळलेल्या लोखंडाजवळ डुलकी लागली तर काय होईल, हे त्याला कळतं, म्हणून तो गोळी लावतो. गेटवर ‘तंबाखू खाणाऱ्यास दंड’ असा फलक लावून हे सुटत नाही. जवळ पिण्याचं गार पाणी, हात धुवायला नळ, रात्रपाळीत धूळ नसलेल्या खोलीत चहाची सुट्टी, पाळ्यांची रास्त आलटापालट, आणि सोडायचं म्हणणाऱ्याला निकोटिनच्या गोळ्या आणि सल्ला. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८०० ११ २३५६ हा नंबर फुकट आहे, तो वेतनचिठ्ठीवर छापा. धूळ कमी झाली की मावा सोडायला सांगणारा माझा शब्दही जास्त खरा वाटेल.

मृत्यूच्या नोंदणीचा फॉर्म तुमच्यापैकी कितीजणांनी वाचला आहे? घरात कुणी गेलं की तो भरावा लागतो. त्यात विचारलेलं असतं : मृत व्यक्ती धूम्रपान करत असल्यास किती वर्षं, कोणत्याही स्वरूपात तंबाखू चघळत असल्यास किती वर्षं, सुपारी खात असल्यास किती वर्षं, दारू पीत असल्यास किती वर्षं. व्यवसायासाठी एक जागा आहे, तिथं ‘कामगार’ किंवा ‘नोकरी’ असं लिहिलं जातं आणि संपतं. सिलिकाच्या धुळीत किती वर्षं, असा प्रश्न नाही. सरकार व्यसनाची वर्षं मोजतं आणि कामाचा एक शब्द घेतं. मग फौंड्रीत राबून गेलेल्यांची गणती कुठून निघणार? जिल्ह्यात सिलिकोसिसचे रुग्ण दिसत नाहीत असं कुणी बैठकीत सांगितलं, तर त्याचं कारण हे आहे की नोंद करायची जागाच आपण ठेवलेली नाही.

फॉर्म बदलणं तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात आहे ते कायद्यानं कधीच सांगून ठेवलं आहे. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण आलं. त्या प्रक्रियांच्या यादीत फौंड्रीचं नाव आलं, कास्टिंग साफ करण्याच्या कामासह. ४१-सी कलमानं मालकावर जबाबदारी टाकली की कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी अचूक ठेवायच्या, त्या त्याला बघायला मिळाल्या पाहिजेत, आणि त्याची तपासणी कामावर घेण्याआधी, काम चालू असताना आणि ते काम सोडल्यानंतरसुद्धा, बारा महिन्यांहून जास्त अंतर न ठेवता करायची. ‘सोडल्यानंतरसुद्धा’ हे शब्द पुन्हा वाचा. कायदा लिहिणाऱ्यांना हा आजार उशिरा येतो हे माहीत होतं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात तिथल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोपर्यंत जपायला सांगितलं. सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत पूर्वीपासून आहे आणि नव्या श्रमसंहितेच्या यादीतही आहे. कळवण्याचं बंधन आम्हा डॉक्टरांवरही आहे, आणि माझ्या व्यवसायातल्या मंडळींना मी ते वेगळं सांगणार आहे.

प्रत्यक्षात काय दिसतं? वर्षातून एकदा गाडी येते. वजन, उंची, रक्तदाब, साखर, डोळे. एक्स-रे काढलाच तर त्याचा अहवाल कार्यालयाच्या कपाटात जातो. कामगाराला विचारलं, फोटो कुठाय? "कंपनीत हाय." आणि हे झालं कायम कामगाराचं. फेटलिंग आणि नॉकआउट ही सर्वांत धुळीची कामं आज बहुतेक ठिकाणी ठेकेदाराकडे आहेत. त्याची माणसं बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून, सीमेपलीकडच्या कर्नाटकातून येतात. एक पोरगा शिरोलीत दोन वर्षं, गोकुळ शिरगावात तीन वर्षं, मग कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीत. दर वेळी ठेकेदार नवा आणि हजेरीपट नवा. धूळ मात्र त्याच एका छातीत साठत जाते. दम लागू लागला की तो गावी परततो, आणि तिथल्या डॉक्टरला त्याच्या तोंडातली खैनी दिसते. तो तिथं गेला की आपल्या शेडमधला दोष त्याच्या गावच्या टपरीवर जमा होतो. हे बघत राहणं मला जमत नाही, म्हणून लिहायला बसले.

काही कारखान्यांत धुळीवर उपाय म्हणून गूळ वाटतात. कोल्हापुरात गुळाला नाही कोण म्हणेल? वाटणाऱ्याच्या मनात माया असते, यात मला शंका नाही. लखनौच्या एका संशोधन संस्थेनं १९९४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात गुळामुळे फुप्फुसातले कण बाहेर पडायला मदत होते असं नोंदवलंही होतं. पण तो उंदरांवरचा प्रयोग आहे. अठरा वर्षांच्या फेटलिंगची धूळ रोजच्या गुळाच्या खड्यानं निघते असं कुणी दाखवलेलं नाही. उलट गूळ खाल्ला म्हणून पोरं निर्धास्त होतात आणि रुमालही बांधत नाहीत. गूळ द्या, जरूर द्या. त्याच्या भरवशावर हूड लांबणीवर टाकू नका.

तुम्हाला हे जमणार नाही असं मला वाटत नाही. म्हादबा मिस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्या पिढीनं इथं ऑइल इंजिनाचा धंदा उभा केला तेव्हा हाताशी काय होतं? आज तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत, इथलं कास्टिंग देशभरच्या गाड्यांत आणि पंपांत आहे, परदेशात जातं. कास्टिंगमध्ये केसाएवढी भेग आली तर तुम्ही ती कुठल्या हीटची (एका वेळच्या वितळणीची), कुठल्या पाळीची, कुठल्या साच्याची हे काही मिनिटांत शोधून काढता. प्रत्येक हीटचा नंबर आहे, प्रत्येक लॉटचा कागद आहे. ग्राहक मागतो म्हणून तो कागद वर्षानुवर्षं जपला जातो. एवढी शिस्त असलेल्या उद्योगाला माणसाचा कागद जपणं अवघड नाही. वापरलेली वाळू पुन्हा वापरायचा सामायिक प्रकल्प तुम्ही एकत्र येऊन उभारू शकला. एका कारखान्याला न परवडणारं सगळ्यांना मिळून परवडतं, हे तुम्हीच दाखवलं आहे.

म्हणून स्मॅक, गोशिमा, मॅक, इंजिनिअरिंग असोसिएशन आणि फौंड्रीमन संस्थेची इथली शाखा, या तुमच्या संघटनांनी एकत्र बसून एक धूळ-कार्ड ठरवावं. खिशात मावणारं, मराठी आणि हिंदीत. त्यावर नाव, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुठल्या विभागात काम केलं, त्या विभागात धूळ किती मोजली, दरवर्षीच्या स्पायरोमेट्रीचे (फुंकून फुप्फुसाची ताकद मोजण्याच्या चाचणीचे) आकडे, एक्स-रे कधी काढला आणि आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) प्रमाणित फिल्मशी ताडून त्यावर काय शेरा आला. तंबाखू आणि बिडीचाही रकाना ठेवा, तोही हवाच. कारखाना बदलला, ठेकेदार बदलला, तरी कार्ड माणसाबरोबर जावं. ज्याच्या फोटोत सुरुवातीचे ठिपके दिसतील त्याला काढून टाकायचं नाही. त्याला मशीन शॉपमध्ये, पॅकिंगमध्ये, स्टोअरमध्ये त्याच पगारावर हलवायचं. ही हमी पहिल्या दिवशी जाहीर करा, नाहीतर कुणी फोटो काढायलाच येणार नाही. आजही काहीजण मला म्हणतात, "फोटो नको बाई, कंपनीला कळलं तर काम जाईल." ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, कायद्यात हा आजार कामातून होणारा म्हणून धरलेला आहे. कार्ड असेल तर त्या माणसाला तिथं हक्कानं जाता येईल, आज तो रिकाम्या हातानं जातो.

आणि शेडमध्ये धूळ किती आहे याचा आकडा दर्शनी फलकावर लावा, जिथं आज ‘अपघातविरहित दिवस’ लिहितात त्याच्याच खाली.

पहिल्या वर्षी सगळे कारखाने येतील अशी माझी अपेक्षा नाही. पाच आले तरी सुरू होईल. फोटो वाचायला छातीचे डॉक्टर लागतील. त्यासाठी सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या आणि खासगी डॉक्टरांशी बोलण्याची जबाबदारी मी घेते. स्पायरोमीटर माझ्याकडे आहे, रविवारी सकाळी तो आणि मी दोघंही तुमच्या शेडमध्ये येऊ शकतो, फी नको. कार्डाचा कच्चा नमुना मी तयार केला आहे. दसऱ्याच्या तोंडावर खंडेनवमीच्या पूजेसाठी सगळे मालक आणि कामगार एकाच शेडमध्ये असतात. त्या दिवशी पहिली कार्डं वाटता यावीत, यासाठी आपली पहिली बैठक श्रावण संपण्याआधी व्हावी. जागा तुम्ही ठरवा, मी येते.

आपली,
शिरोली परिसरातील एक डॉक्टर